मायटर सॉचा भुसा घरभर उडतोय? असा आवरा!

तुमच्या घरात कुणी सुतारकामाचा छंद लावून घेतलाय का? मग हा लेख शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून झाल्यावर घरात जो झाडू मारतो त्यालाही पाठवा. का, ते पुढे येईलच.

आम्ही बडोद्याला राहतो. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी घराशेजारच्या गॅरेजमध्ये छोटंसं वर्कशॉप थाटलं. आधी हातकरवत आणि रंधा होता. मग १० इंची मायटर सॉ आली. लाकूड सरळ किंवा ४५ अंशांत तिरकं, झटक्यात आणि अचूक कापणारी ही मशीन. फोटोफ्रेम, शेल्फ, देवघर असं काय काय तयार होऊ लागलं.

गेल्या वर्षी गणपतीसाठी बाबांनी एमडीएफचं मखर करायला घेतलं. दोन आठवडे रोज संध्याकाळी मशीन चालायची. मखर सुंदर झालं, पण आईचा खोकला सुरू झाला तो गणपती गेले तरी थांबेना. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "घरात धुळीचं काही काम चालतं का?"

शेजारच्या खुर्चीवर बसलेले बाबा एकदम गप्प झाले.

गंमत बघा, कापताना बाबा मास्क लावायचे. काम झालं की मास्क काढून चहाला आत यायचे. मग आई गॅरेजमध्ये जाऊन केरसुणीने भुसा झाडायची, तीही मास्कशिवाय! मशीनला कधी हात न लावणारी आईच सगळ्यात जास्त धूळ खात होती.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "विकून टाकतो मशीन." आई म्हणाली, "मशीन विकू नका. भुसा आवरा."

मग आम्ही बापलेक कामाला लागलो. त्यातून जे शिकलो ते आज तुमच्यासाठी.

दिसतो तो भुसा, त्रास देते ती धूळ

मशीनखाली पडलेला जाड भुसा दिसायला वाईट, पण तो मुख्य धोका नाही. खरी काळजी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धुळीची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर आत जातात आणि २.५ मायक्रॉनच्या आसपासचे कण थेट फुप्फुसाच्या खोल भागात पोचतात.

शिवाय हे कण लवकर खाली बसत नाहीत. १० मायक्रॉनच्या कणाला माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला स्थिर हवेतही काही मिनिटं लागतात. २-३ मायक्रॉनचे कण तर काही तास तरंगत राहतात. म्हणजे मशीन बंद झाली की धूळ संपली, हा आपला गैरसमज! आई झाडायला जायची तेव्हा हवा धुळीने भरलेलीच असायची, आणि कोरड्या केरसुणीने खाली बसलेली धूळही पुन्हा वर उडायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवलंय. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध जोडला जातो. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्यांना असतो, त्यामुळे रविवारी दोन तास शेल्फ करणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण दमा, ॲलर्जी, लहान मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर त्रास लगेच जाणवू शकतो. साग आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि त्यातल्या डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं.

मायटर सॉच एवढी धूळ का उडवते?

१० इंची पातं मिनिटाला ४५०० ते ५००० फेरे घेतं. हिशेब केला तर दाताच्या टोकाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो! त्या वेगाने भुसा मागच्या बाजूला फेकला जातो. टेबल सॉमध्ये बराचसा भुसा मशीनच्या पोटातच पडतो. मायटर सॉ मात्र उघडी असते.

भुसा इथे चार वाटांनी पळतो:

- मागे, म्हणजे डस्ट पोर्टच्या दिशेने. पण पोर्टचं तोंड फेन्सच्या वर असतं, त्यामुळे बराच भुसा त्याच्या खालून निसटतो.
- टेबलातल्या फटीतून खाली.
- फेन्सला आपटून डावीकडे-उजवीकडे.
- पात्याच्या दातांत अडकून गोल फिरून पुढे, थेट कापणाऱ्याच्या तोंडावर.

मशीनबरोबर मिळणारी कापडी पिशवी यातली फक्त पहिली वाट अडवते, तीही अर्धवट. आणि बारीक धूळ कापडातून आरपार जाते ते वेगळंच.

आधी मोजा, मग खर्च करा

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती एक सोपी चाचणी. १५० मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड एमडीएफची फळी घ्या. पातं २.५ मिलिमीटरची चीर पाडत असेल, तर एका कटमध्ये साधारण ५ ग्रॅम भुसा होतो. २० कट म्हणजे १०० ग्रॅम.

आता पिशवी किंवा व्हॅक्यूम रिकामा करून २० कट मारा आणि गोळा झालेला भुसा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. आमच्या कापडी पिशवीत निम्म्याहून कमी भुसा निघाला. उरलेला कुठे गेला? जमिनीवर, भिंतीवर, आणि आमच्या नाकात!

दुसरी चाचणी टॉर्चची. कट मारा, पातं पूर्ण थांबू द्या, प्लग काढा. मग दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. प्रकाशाच्या झोतात तरंगणारी धूळ लख्ख दिसेल. (अंधारात कापायचं नाही हं, टॉर्च नेहमी नंतर!) बाबांनी हे पाहिलं आणि त्यानंतर त्यांना काही पटवून सांगावं लागलं नाही.

पायरी १: पिशवी काढा, व्हॅक्यूम जोडा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. कापडी पिशवीच्या जागी वेट-ॲण्ड-ड्राय व्हॅक्यूमचा पाइप जोडा. घरात फरशी साफ करायचा साधा व्हॅक्यूम यासाठी वापरू नका, त्याचा फिल्टर लगेच गच्च होतो.

पाइपचं माप जुळत नाही, ही सगळ्यांची तक्रार असते. पोर्टचा बाहेरचा व्यास मोजा आणि हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसीचा रिड्यूसर बघा. तोही बसला नाही तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्ही बाजूंना पाइपची क्लिप आवळा. आम्ही तेच केलंय आणि ते अजून टिकून आहे.

पाइप शक्य तितका आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा. आणि महिन्यातून एकदा पोर्टमध्ये डोकावून बघा. तिथे लाकडाची लांबट ढलपी आडवी अडकली की मागे सगळं तुंबतं.

व्हॅक्यूममध्ये आत कागदी किंवा फ्लीसची पिशवी वापरा. जमलं तर हेपा फिल्टर घ्या, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. फिल्टर साधा असेल तर व्हॅक्यूम पुढून भुसा ओढतो आणि मागून बारीक धूळ खोलीत सोडतो, हे लक्षात ठेवा.

पायरी २: मध्ये सायक्लोन बादली बसवा

सॉ आणि व्हॅक्यूमच्या मध्ये शंकूच्या आकाराचा छोटा सायक्लोन बसवता येतो. हवा त्यात गोल फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि व्हॅक्यूमपर्यंत थोडीच धूळ पोचते. त्यामुळे फिल्टर लवकर तुंबत नाही आणि ओढ टिकून राहते.

बादली म्हणून रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा चालतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. झाकण हवाबंद हवं, कारण खालून जरा जरी हवा शिरली तरी भुसा उडून पुन्हा व्हॅक्यूममध्ये जातो. आणि डबा मजबूत हवा. पाइप तुंबला की व्हॅक्यूमच्या ओढीने पातळ डबा आत चेपतो. आमचा पहिला डबा असाच "फट्" करून चेपला, आणि बाबा दचकून दोन पावलं मागे सरले!

पायरी ३: पात्यामागची रबरी झालर लांब करा

बऱ्याच मायटर सॉमध्ये पोर्टच्या तोंडाशी रबराचा एक आखूड फडका असतो. तो थोडा रुंद आणि लांब केला की खालून निसटणारा भुसा पोर्टमध्ये वळतो. यासाठीही सायकलची ट्यूब किंवा पातळ रबरशीट चालते.

इथे घाई करू नका. प्लग काढून ठेवा. मशीनचं डोकं पूर्ण खाली आणा, डावीकडे ४५, उजवीकडे ४५, मग बेव्हल, आणि स्लायडिंग मशीन असेल तर मागे-पुढे, असं सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. रबर कुठेही पात्याला किंवा गार्डला लागता कामा नये. आणि धुळीसाठी म्हणून गार्ड काढायचा विचार तर मनातही आणू नका.

पायरी ४: टेबलाची फट बुजवा

मशीनच्या टेबलातली फट रुंद असते. तिच्यावर ६ मिलिमीटर प्लायची पट्टी बसवून त्यातून एकदाच कट मारला, की पात्याएवढीच चीर उरते. मागे फेन्सलाही तशीच पट्टी लावता येते. याने खाली जाणारा भुसा कमी होतो, लाकडाची कड फाटत नाही आणि छोटे तुकडे फटीत अडकून उडत नाहीत. एका कामात तीन फायदे!

पायरी ५: मागे खोका उभा करा

एवढं करूनही काही भुसा उडणारच. तो अडवायला मशीनच्या मागे तीन बाजूंनी बंद असा खोका करा. त्याचा तळ मागे उतरता ठेवा, म्हणजे भुसा एका जागी घरंगळत येतो.

आधी फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या पुठ्ठ्याचा नमुना बनवा. मशीनचं डोकं ४५ अंशांत दोन्हीकडे फिरतं तेवढी जागा सोडा, पण त्याहून जास्त नको. बाजूच्या भिंती जितक्या जवळ, तितकं चांगलं. स्लायडिंग मशीनचे दांडे मागे सरकत असतील तर तेवढी खोलीही धरा. नमुना जमला की ४ मिलिमीटर प्लायमध्ये करा. जागा कमी असेल तर पीव्हीसी पाइपची चौकट करून तिच्यावर बाथरूमचा जुना पडदा लावा. डोकं पडद्याला लागलं तर तो बाजूला सरतो, तुटत नाही.

एक चूक टाळा. एवढ्या मोठ्या खोक्यातली हवा व्हॅक्यूमने ओढली जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते, पण तो हवा थोडीच ओढतो, म्हणून तो बारीक पाइपवर चांगला चालतो. मोठ्या खोक्याला डस्ट कलेक्टर लागतो. तो खूप हवा ओढतो, पण त्याला ४ इंची पाइप हवा. तोच डस्ट कलेक्टर सॉच्या दीड इंची पोर्टला जोडला तर त्याचा गळा आवळल्यासारखं होतं. ४ इंची पाइपचं तोंड ३५ मिलिमीटरच्या पोर्टपेक्षा सुमारे आठपट मोठं असतं!

आमच्याकडे डस्ट कलेक्टर नाही. व्हॅक्यूम पोर्टला, आणि खोका फक्त भुसा अडवायला. काम संपलं की खोक्यातला भुसा त्याच व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा.

पायरी ६: हवा बाहेर काढा

बारीक धुळीसाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक्झॉस्ट फॅन. आम्ही सॉ खिडकीजवळ हलवली, पाठ खिडकीकडे केली आणि खिडकीत फॅन बसवला. काम सुरू करायच्या आधी फॅन लावायचा, काम झाल्यावर अर्धा तास चालू ठेवायचा. घरात उघडणारं दार बंद ठेवायचं आणि समोरून ताज्या हवेला वाट ठेवायची. फॅनवर धूळ साचते, म्हणून तो मधूनमधून पुसा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर जरा थांबा. तुमच्या बाल्कनीतून गेलेली धूळ खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणार. तिथे आधी चांगला फिल्टर, मग फॅन. आणि एमडीएफ तर प्लायवूडच्या दुकानातूनच मापात कापून आणा. बरेच दुकानदार कापून देतात. घरात न झालेली धूळ आवरावी लागत नाही!

विजेचं आणि आगीचं भान

१० इंची सॉ साधारण १८०० वॉट आणि व्हॅक्यूम १२०० वॉट धरला, तर २३० व्होल्टवर दोन्ही मिळून १३ अँपिअर होतात. सुरू होताना तर क्षणभर याहून जास्त प्रवाह लागतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डवर हे दोन्ही लावणं म्हणजे वायर तापवणं. १६ अँपिअरचे दोन वेगळे सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंगसकट.

आणि त्याच मशीनवर ॲल्युमिनियम किंवा खिळे असलेलं जुनं लाकूड कापताना व्हॅक्यूम लावू नका. गरम कण किंवा ठिणगी भुशात पडली तर भुसा आतल्या आत धुमसत राहतो. भुशाची बादली रोज रिकामी करायची सवय लावा.

शेवटची पायरी: मास्क आणि फडका

एवढं सगळं केलं तरी मास्क लागतोच. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्या. कापडी किंवा सर्जिकल मास्क कडेने उघडा राहतो, त्यामुळे बारीक धुळीला तो पुरत नाही. दाढी असेल तर चांगला मास्कही नीट चिकटत नाही, हे दाढीवाल्या मित्रांनी लक्षात ठेवावं. मीही त्यातलाच!

आमच्या गॅरेजच्या दारावर बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलेले नियम असे:

१. काम संपल्यावरही मास्क अर्धा तास काढायचा नाही.
२. केरसुणी बंद. आधी व्हॅक्यूम, मग ओला फडका.
३. ब्लोअरने किंवा फुंकर मारून भुसा उडवायचा नाही.
४. कामाचा शर्ट गॅरेजमध्येच काढायचा. घरात आणायचा नाही, झटकायचा तर नाहीच.
५. ज्याने कापलं, त्यानेच पुसायचं.

पाचवा नियम आईने सांगून लिहून घेतलाय.

आता आमचं गॅरेज चकाचक झालंय असं नाही. टॉर्च धरला की थोडी धूळ अजूनही दिसते. पण २० कटांची चाचणी पुन्हा केली, तेव्हा बहुतेक भुसा बादलीत निघाला. आईचा खोकला हळूहळू कमी झाला. डॉक्टरांनी दिलेली औषधं तिने पूर्ण घेतली आणि तपासणीला अजूनही जाते, त्यामुळे श्रेय सगळं आमच्या बादलीचं नाही. तुमच्याही घरी खोकला लांबला असेल तर आधी डॉक्टर, मग सुतारकाम.

यंदाच्या मखराचं चित्र बाबांनी काढून ठेवलंय. या वेळी प्लाय दुकानातून कापून येणार आहे, मशीनवर फक्त कोपरे. आणि रोज संध्याकाळी सात वाजता बाबा मास्क लावून, हातात ओला फडका घेऊन गॅरेज पुसताना दिसतात. आई ओट्यापाशी उभी राहून चहा ठेवते आणि आतून हाक मारते, "कोपरा राहिला बरं का!"

या रविवारी एवढंच करा: २० कट मारा, भुसा तोला आणि टॉर्च लावून बघा. पुढच्या वेळी बोलू सँडपेपरच्या धुळीबद्दल. ती तर याहून बारीक! तोपर्यंत मास्क लावा, काळजी घ्या.